साध्या मल्टिमीटरने मिलीओहम मोजा: एलएम ३१७ वापरून चार वायरींचा स्वस्त मीटर

हातातला मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना घट्ट टेकवा. यायला हवं शून्य. येतं ०.३, ०.५, कधी ०.८, आणि प्रोब जरा हलवले की आकडा बदलतो. हा रेझिस्टन्स असतो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा आणि टोकं जिथे टेकतात तिथल्या सांध्याचा. शंभर ओहमचा रेझिस्टर मोजताना त्याने काही बिघडत नाही. पण मोटरचं वाइंडिंग, रिलेचा कॉन्टॅक्ट, घरात टाकलेली वायर, लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा कान) दाबून केलेला जोड यांचा रेझिस्टन्स दोन-चार ओहम किंवा त्याहून कितीतरी कमी असतो. तिथे वस्तूचा आकडा कोणता आणि प्रोबचा कोणता हे कळायला मार्गच उरत नाही.

मला याची गरज पहिल्यांदा पडली ती विहिरीवरच्या पाच एचपीच्या थ्री फेज मोटरपायी. रिवाइंडिंग करून आणलेली मोटर अर्ध्या तासात हात ठेववणार नाही इतकी तापायची. टाँग टेस्टर (वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर) लावला तर तिन्ही फेजचे अँपिअर जुळत नव्हते, सप्लायचे व्होल्टेज मात्र तिन्हीकडे सारखे. सिरीज लॅम्पवर, म्हणजे बल्ब एकापाठोपाठ जोडून बघितलं तर, तिन्ही वाइंडिंग ठीक दिसत होती. मल्टिमीटरने टर्मिनलच्या जोड्या मोजल्या तर २.७, २.८, २.७, आणि शेवटचा आकडा सारखा नाचणारा. एवढ्यावरून कुणाला काय सांगणार?

मग खाली देतोय तो सर्किट जोडून पुन्हा मोजलं. मोटरच्या तीन फेजची टर्मिनलं म्हणजे यू, व्ही आणि डब्ल्यू. यू-व्ही २.२१, व्ही-डब्ल्यू २.३३, डब्ल्यू-यू २.२०. मोटर स्टारमध्ये जोडलेली होती, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक आत एकत्र जोडलेलं, त्यामुळे प्रत्येक जोडीत दोन वाइंडिंग एकापाठोपाठ येतात. यू ज्या दोन जोड्यांत आहे त्या दोन्ही कमी, यू नसलेली जोडी जास्त. म्हणजे यू फेजमध्ये वेढे कमी पडले होते. आकडे कागदावर लिहून वाइंडिंगवाल्यांना दाखवले, त्यांनी कॉइल उघडून पाहिल्या आणि ती फेज पुन्हा भरून दिली. आठ-दहा सुट्या वस्तूंनी एवढं काम केलं, म्हणून प्रत्येक शिकाऊ माणसाने हा सर्किट एकदा स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं.

युक्ती काय आहे

ओहमचा नियम सगळ्यांना पाठ असतो: रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. आपण वस्तूतून नेमका १०० मिलीअँपिअर करंट सोडायचा आणि वस्तूच्या दोन टोकांमध्ये किती मिलिव्होल्ट पडतात ते मोजायचं. १०० मिलिव्होल्ट आले तर १ ओहम. हिशेब तोंडी होतो: मिलिव्होल्टला दहाने गुणा, उत्तर मिलीओहममध्ये.

डीटी-८३०डी सारखा सगळ्यात स्वस्त मीटरही २०० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजवर ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो. म्हणजे आपल्याला १ मिलीओहमपर्यंतचा फरक दिसेल. त्याच मीटरची ओहमची रेंज ०.१ ओहमच्या खाली जात नाही. एकाच मीटरमधून शंभरपट बारीक मोजणी.

खरी किल्ली पुढे आहे. करंट नेणाऱ्या दोन वायरी वेगळ्या आणि व्होल्टेज मोजणाऱ्या दोन वायरी वेगळ्या. करंटच्या वायरीत आणि तिच्या क्लिपमध्ये थोडे मिलिव्होल्ट पडतातच, पण व्होल्टेजच्या वायरी त्यांच्या आत, थेट वस्तूला लावल्या की ते मोजणीत येत नाहीत. व्होल्टेजच्या वायरींना स्वतःचा रेझिस्टन्स असला तरी चालतं, कारण मीटरचा अंतर्गत रेझिस्टन्स १० लाख ओहम. १०० मिलिव्होल्टला त्या वायरींतून जेमतेम ०.१ मायक्रोअँपिअर वाहतो, मग त्यात व्होल्टेज पडणार तरी किती? या पद्धतीला केल्विन जोडणी म्हणतात. बारावीच्या प्रयोगशाळेत मीटर ब्रिजवर जॉकी सरकवत ज्यांनी रेझिस्टन्स काढला आहे त्यांना एंड करेक्शन आठवत असेल. तारेच्या टोकांशी असलेल्या जोडांचा जो त्रास तिथे दुरुस्त करावा लागायचा, तसाच त्रास इथे चार वायरींनी मुळातच टळतो.

काय काय लागेल

एलएम ३१७ आयसी, म्हणजे व्होल्टेज स्थिर राखणारा रेग्युलेटर, तीन पायांचा, मागे धातूची पट्टी असलेला. १५ ओहम, अर्धा वॅट, १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर. ४७ ओहम, पाव वॅट. १०० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट, म्हणजे बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा निळा चौकोनी पोट. ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर. १एन४००७ डायोड. एक छोटा डॉट बोर्ड, म्हणजे सोल्डर करायला तांब्याचे सुटे ठिपके असलेला बोर्ड. चार क्रोकोडाइल क्लिप, दोन लाल, दोन काळ्या. दीड-दोन फूट लवचीक वायर. शिवाय १० ओहम, १ टक्का, पाव वॅटचे दहा रेझिस्टर. ते कशाला हे पुढे येईल.

सप्लायसाठी जुना ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर आणि त्याची जुनी केबल. चपट्या मोठ्या यूएसबी तोंडाचीच केबल घ्या. दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल कापली तर चार्जर समोर फोन आहे की नाही ते आधी तपासतो आणि व्होल्टेज सोडतच नाही. पॉवर बँकही टाळा, त्यातल्या बऱ्याचशा इतक्या कमी करंटवर आपोआप बंद होतात.

हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. रेझिस्टर घेताना रंग नजरेखालून घाला: १० ओहम १ टक्का म्हणजे तपकिरी, काळा, काळा, सोनेरी, तपकिरी. १५ ओहमला तपकिरी, हिरवा, काळा, सोनेरी, तपकिरी. दुकानात घाईत १० च्या जागी १०० ओहमची पट्टी हातात येते, आणि घरी येऊन तासभर डोकं खाजवावं लागतं.

जोडणी

एलएम ३१७ छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली असा धरा. डावीकडून पहिला पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट, उजवा इनपुट. बरेच जण इथे चुकतात, कारण नेहमीच्या ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरमध्ये इनपुट डावीकडे असतो आणि तीच सवय लागलेली असते. मागची धातूची पट्टी आतून मधल्या पायाला जोडलेली असते, तेव्हा सर्किट पत्र्याच्या डब्यात बसवणार असाल तर ती डब्याला टेकू देऊ नका.

आधी केबल कापून आतल्या वायरी सोला. लाल अधिक आणि काळी उणे असायला हवी, पण स्वस्त केबलीच्या रंगावर विश्वास न ठेवता २० व्होल्टच्या रेंजवर मोजून खात्री करा. हिरव्या-पांढऱ्या वायरी लागत नाहीत, त्यांच्यावर टेप गुंडाळा. मग चार्जर काढून ठेवा आणि सोल्डरिंगला बसा.

चार्जरची अधिक वायर आयसीच्या उजव्या पायाला. त्याच पायाजवळून ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर उणेकडे. १५ ओहमचा रेझिस्टर मधल्या आणि डाव्या पायामध्ये. त्याच दोन पायांमध्ये, १५ ओहमला समांतर, ४७ ओहम आणि प्रीसेट एकापाठोपाठ. प्रीसेटचा मधला पाय आणि कडेचा एक पाय वापरायचा. उरलेला कडेचा पाय मधल्याशी जोडून टाका, म्हणजे आतला सरकता संपर्क कधी सुटला तरी सर्किट तुटत नाही.

आता डाव्या पायापासून, म्हणजे ॲडजस्टपासून, करंटची लाल वायर बाहेर काढा. करंटची काळी वायर थेट चार्जरच्या उणेवरून. डायोड या दोन वायरींच्या मध्ये, पांढऱ्या पट्ट्याची बाजू लाल वायरीकडे. नवख्याला वाटतं की सप्लाय आउटपुटच्या पायातून बाहेर यायला हवा. इथे तसं नाही. एलएम ३१७ आपल्या आउटपुट आणि ॲडजस्ट यांच्यात नेहमी सुमारे १.२५ व्होल्ट राखतो. त्या दोघांमध्ये १२.५ ओहम ठेवला की त्यातून १०० मिलीअँपिअर वाहणारच, आणि तो पुढे आपल्या वस्तूतूनच जातो. वस्तू अर्ध्या ओहमची असो की पाच ओहमची, करंट तोच राहतो. १५ ओहम, ४७ ओहम आणि प्रीसेट मिळून हा १२.५ चा आकडा हवा तसा थोडा वरखाली करता येतो. ती सोय लागतेच, कारण प्रत्येक आयसीचे १.२५ व्होल्ट नेमके १.२५ नसतात, १.२ ते १.३ च्या दरम्यान कुठेही असू शकतात.

व्होल्टेजच्या दोन वायरी बोर्डवर कुठेही येत नाहीत. त्या मल्टिमीटरच्याच, टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या. बोर्डावर त्यांच्यासाठी जागा शोधू नका.

पहिल्यांदा चालू करण्याआधी

चार्जर न लावता, २०० ओहमच्या रेंजवर आयसीच्या डाव्या आणि मधल्या पायामध्ये मोजा. ११.५ ते १४ च्या दरम्यान काहीतरी दिसलं पाहिजे. शून्याच्या जवळ दिसलं तर कुठेतरी सोल्डर पसरून दोन ठिपके जोडले गेलेत. तसंच चालू केलंत तर मीटरचा फ्यूज उडेल.

ठीक असेल तर मीटर डीसी २०० मिलीअँपिअरवर ठेवा, करंटच्या लाल-काळ्या क्लिप मीटरच्या लाल-काळ्या प्रोबला लावा आणि चार्जर चालू करा. ९२ ते ११० च्या आसपास आकडा यायला हवा आणि प्रीसेट फिरवला की तो सावकाश सरकायला हवा. साधारण १०० वर आणून ठेवा. आयसी कोमट होईल, तेवढं चालतं; जास्तीत जास्त अर्ध्या वॅटच्या आतली उष्णता आहे, हीटसिंक लागत नाही. काम झालं की मीटरचा खटका लगेच मिलीअँपिअरवरून हलवा. त्या रेंजवर राहिलेला मीटर पुढच्या कामात चुकून बॅटरीला लागला की फ्यूज गेलाच.

एक ओहमचं माप

आता ते दहा रेझिस्टर. १ ओहमचा अचूक रेझिस्टर छोट्या दुकानात सहज मिळत नाही, पण १० ओहमचे दहा समांतर जोडले की १ ओहम तयार होतो. एखादा थोडा जास्त, एखादा थोडा कमी असला तरी दहांची सरासरी एकट्यापेक्षा जास्त भरवशाची असते.

घरगुती वायरिंगच्या १.५ चौरस मिमी वायरीचं प्लास्टिक सोलून आतल्या तांब्याचे चार-चार सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या, तारा पिळून त्यांना सोल्डरचा हलका थर द्या. मग शिडीच्या पायऱ्यांसारखे दहा रेझिस्टर त्यांच्यामध्ये बसवा, तीन-तीन मिलिमीटर अंतराने, पाय अगदी आखूड कापून. तांब्याचा तो तुकडा अर्ध्या मिलीओहमच्याही आत असतो, मापात जाणवत नाही. गार होऊ द्या. सोल्डरिंगनंतर पाच मिनिटं तरी थांबा.

करंटच्या दोन क्लिप या शिडीच्या दोन दांड्यांना लावा. मीटरच्या क्लिप त्याच दांड्यांवर, पण स्वतंत्र जागी. मीटर डीसी २०० मिलिव्होल्टवर. चार्जर चालू करून पाच मिनिटं सर्किट तापू द्या आणि मग प्रीसेट फिरवून आकडा बरोबर १००.० वर आणा. प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा म्हणजे तो हलणार नाही.

करंट १०० वर आणण्यापेक्षा या मापावर १००.० आणणं का चांगलं? समजा तुमचा मीटर व्होल्टेज एक टक्का जास्त दाखवतो. मापावर १०० आणताना तुम्ही नकळत करंट एक टक्का कमी कराल, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतील. उत्तर बरोबर येईल. यासाठी माप ज्या मीटरवर लावलं त्याच मीटरने पुढे मोजायचं. दुसरा मीटर घेतला तर प्रीसेट पुन्हा लावा. २००० मिलिव्होल्टच्या रेंजवर हेच माप किती दाखवतं तेही बघून ठेवा. तिथे १०१ आलं तर त्या रेंजवरच्या आकड्यांतून एक टक्का वजा करायचा हे डब्यावर लिहून ठेवा.

क्लिप कशा लावायच्या

सगळी अचूकता इथेच मिळते किंवा जाते. करंटच्या क्लिप बाहेरच्या बाजूला, व्होल्टेजच्या क्लिप आत, वस्तूच्या जवळ. व्होल्टेजची क्लिप करंटच्या क्लिपवर चावू द्यायची नाही. मी सुरुवातीला जागा कमी आहे म्हणून एकीवर एक लावायचो, आणि आकडा वीस-तीस मिलीओहमने उगाच जास्त यायचा, क्लिप दाबली की बदलायचा. एकदा एक जाड तार घेऊन स्वतः करून बघा: करंटच्या क्लिप न हलवता व्होल्टेजची एक क्लिप आधी करंटच्या क्लिपच्या जबड्यावर ठेवा, मग तिथून एक सेंटिमीटर आत थेट तांब्यावर ठेवा. पडलेला फरक तारेचा नाही, त्या जबड्याच्या पकडीचा आहे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

मोटरच्या टर्मिनलवर वार्निश किंवा गंज असेल तर आधी पॉलिश पेपर मारा. करंटची क्लिप बोल्टवर, व्होल्टेजची क्लिप वाइंडिंगच्या लगवर.

२ ओहमच्या आतल्या वस्तू २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर, त्यापुढे १० ओहमपर्यंत २००० च्या रेंजवर. त्याहून मोठं काही असेल तर मल्टिमीटरची नेहमीची ओहमची रेंज पुरते. खालच्या टोकाला २० मिलीओहमच्या आतल्या आकड्यावर फार विसंबू नका. शेवटचा अंक एक-दोनने इकडेतिकडे होतो आणि तिथे तेवढाही फरक मोठा ठरतो. वस्तूचा रेझिस्टन्स रेंजपेक्षा जास्त असला की मीटर डावीकडे नुसता १ दाखवेल. तो बिघाड नाही, रेंजच्या बाहेरचं व्होल्टेज आहे आणि मीटरला त्याने काही होत नाही.

सांभाळायच्या गोष्टी

मोजायची वस्तू पूर्ण बंद आणि सुटी हवी. मोटर असेल तर मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, स्टार्टरकडून येणाऱ्या वायरी सोडवून. सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर डिस्चार्ज करून बाजूला काढा. बॅटरीला हा सर्किट कधीही लावू नका.

वाइंडिंग मोजून झालं की आधी चार्जर बंद करा, मग क्लिप काढा. वाहता करंट अचानक तोडला की कॉइलमध्ये क्षणभर मोठं व्होल्टेज उसळतं आणि बोटांना झटका बसू शकतो. चार्जर बंद केला तर ती ऊर्जा डायोडमधून निमूट जिरते. क्लिप आधी ओढली तर डायोडच कॉइलपासून सुटलेला असतो. मोठ्या वाइंडिंगवर आकडा स्थिर व्हायला काही क्षण लागतात, तेवढं थांबा.

मल्टिमीटरच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो आकडे जास्त दाखवायला लागतो. कामाला बसण्याआधी एक ओहमच्या मापावर १००.० येतंय का हे बघायची सवय लावली की ते लगेच उघडं पडतं.

वायरीचं बंडल तपासणं

नव्याने हा सर्किट केला असेल तर पहिलं काम म्हणून वायरीचं बंडल घ्या, कारण त्याचं उत्तर आधीच माहीत असतं. ९० मीटरच्या नव्या बंडलाची दोन्ही टोकं हाती येतात. १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स २० अंश सेल्सिअसला किलोमीटरला जास्तीत जास्त १२.१ ओहम असावा लागतो, बारीक तारांच्या जास्त लवचीक वायरीला १३.३. म्हणजे ९० मीटरला १.०९ किंवा १.२० ओहम. २.५ चौरस मिमीला हेच आकडे ७.४१ आणि ७.९८, म्हणजे बंडलाला ०.६७ किंवा ०.७२.

दोन्ही टोकं इंचभर सोला, तारा पिळा, करंटच्या क्लिप अगदी टोकाला, मीटरच्या क्लिप आत प्लास्टिकला लागून. आकडा वाचा आणि तापमानाचा हिशेब करा: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. खोलीत ३० अंश असेल तर चार टक्के जास्त येणारच, विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांना जवळजवळ नऊ टक्के. तेवढं धरूनही १.५ च्या बंडलाला १.५ ओहम दिसत असेल तर तांबं कमी भरलं आहे, किंवा ते निव्वळ तांबं नाही. बंडल न कापता परत करता येतं, म्हणून ही तपासणी वायर पाइपमध्ये ओढायच्या आधी करायची.

मोटरलाही हाच नियम. नुकती बंद केलेली मोटर आतून गरम असते आणि मोजता मोजता गार होत जाते, त्यामुळे पहिली जोडी आणि तिसरी जोडी यांच्यात नसलेला फरक दिसतो. रात्रभर गार झालेली मोटर सकाळी मोजा, तिन्ही जोड्या एकापाठोपाठ मोजा, आणि शेवटी पहिली जोडी पुन्हा एकदा मोजून आकडा तोच येतो का ते बघा.